पहिली कुऱ्हाड घेतोयस, तर आधी दांडा बघ

पातं सगळेच बघतात. तू दांडा डोळ्यासमोर आडवा धर आणि त्याच्या बुडाकडून रेषा बघ. लाकडाच्या रेषा पात्याच्या दिशेतच उभ्या गेलेल्या हव्यात. आडव्या असतील तर दुकानदार कितीही गोड बोलला तरी ठेवून दे. कॅम्पला अर्धा किलोच्या आसपासचं पातं आणि हातभराहून जरा कमी दांडा पुरतो. माझ्या मते बाजारातल्या चकचकीत मालापेक्षा ओळखीच्या लोहाराकडून करून घेतलेली, बाभळीच्या दांड्याची कुऱ्हाड बरी.

धार ग्राइंडरवर लावू नकोस. माझी पहिली मी तशीच घालवली. कड निळसर पडली आणि पोलादाचं पाणी उतरलं, मग दोन ढलप्या काढल्या की बोथट! कानस घे, ती धारेकडे एकाच दिशेने ढकल, परत आणताना उचल. शेवटी दगडावर ओलं करून घास.

दांडा हलायला लागला की लोक कुऱ्हाड रात्रभर बादलीत बुडवतात. लाकूड फुगतं, सकाळी घट्ट वाटतं. वाळलं की आधीपेक्षा सैल. पाचर नीट ठोक, दांड्याला जवसाचं तेल चोळ. पावसाळ्यात पात्याला खोबरेल लाव, आणि चामड्याच्या म्यानात महिनोन्‌महिने ठेवू नकोस, ओल धरून गंजतं.

फोडताना गुडघे टेकून बस, खाली ओंडका ठेव. घाव चुकला तर ओंडक्यात किंवा मातीत जाईल, नडगीत नाही. आणि अभयारण्यात ती सॅकमध्येही नेऊ नकोस.