सिम्युलेटरचा जीपीएस डेटा नकाशावर येत नाही, सिरीयल पोर्टमध्ये काय तपासू?

सिम्युलेटरमध्ये उजळाईवाडीच्या (कोल्हापूर विमानतळाच्या) धावपट्टीवरून विमान उडतंय, पण शेजारच्या लॅपटॉपवरचा नकाशा ढिम्म हलत नाही, असं तुम्ही लिहिलंय. आधी केबल बघा. दोन कॉम्प्युटर जोडायला नल मोडेम केबलच लागते: ९ पिनांच्या प्लगमधल्या २ आणि ३ नंबरच्या पिना (डेटा घ्यायची आणि पाठवायची) उलटसुलट, ५ नंबरची ग्राउंड सरळ. पोर्टवरच शंका असेल तर केबल काढा, पोर्टच्या २-३ पिना बारीक तारेनं जोडा, टर्मिनलचा (पोर्टवरची अक्षरं दाखवणाऱ्या प्रोग्रॅमचा) लोकल इको, म्हणजे टाइप केलेलं स्वतःच दाखवणं, बंद ठेवून काहीतरी टाइप करा. अक्षरं परत उमटली तर पोर्ट ठणठणीत. ही चाचणी कृपया टाळू नका, पुढचा बराच मनस्ताप वाचतो.

मग वेग. एनएमईए ०१८३ साठी (जीपीएस डेटा पाठवायची ठरलेली पद्धत) ४८०० बॉड, ८ डेटा बिट, पॅरिटी नाही, १ स्टॉप बिट, दोन्हीकडे सारखंच. लॅपटॉपच्या टर्मिनलमध्ये जीपीआरएमसीच्या (जागा, वेळ, वेग सांगणाऱ्या) ओळी दिसल्या तर डेटा येतोय. नुसता कचरा दिसला तर बहुधा वेग जुळत नाही. नकाशा उघडण्याआधी टर्मिनल बंद करा, एक पोर्ट एका वेळी एकच प्रोग्रॅम वापरू शकतो.

यूएसबी-सिरीयल कन्व्हर्टर दुसऱ्या सॉकेटला लावला तर पोर्टचा कॉम नंबर बदलू शकतो, विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये बघून घ्या.