कॅमेरा कपाटातून बाहेर काढा

नमस्कार.

तुमचं साताऱ्याहून आलेलं पत्र मिळालं. मुलगा बारावी सायन्सला आहे. दहावीला ९१ टक्के होते, पण नीटच्या सराव परीक्षेत ७२०पैकी साडेतीनशेच्या पुढे सरकत नाही. दर रविवारी मित्रांबरोबर सायकलवर यवतेश्वर, कास रस्ता, सज्जनगड असं फिरून फुलांचे, बेडकांचे, सरड्यांचे फोटो काढायचा. दिवाळीत तुम्ही कॅमेरा कपाटात कुलूप लावून ठेवलात. मार्क वाढले की परत मिळेल, असं त्याला सांगितलंत. फोटोग्राफीवर पोट भरत नाही हे त्याला कसं पटवावं, असं तुम्ही विचारलं आहे.

मार्कांची मला फारशी काळजी वाटली नाही. तुम्ही जाता जाता लिहिलेल्या एका वाक्याशी मात्र मी थांबले : ‘हल्ली ताट घेऊन खोलीत जातो, आमच्याशी बोलत नाही.’ सतरा वर्षांच्या मुलाचे सहा दिवस कॉलेज, क्लास आणि टेस्टमध्ये जातात. रविवारची सकाळ तेवढी त्याची होती. ती काढून घेतल्यावर मार्क वाढले असते, तर तुमचं म्हणणं समजून घेता आलं असतं. पण दिवाळीनंतरच्या टेस्टमध्ये ते घसरले, असं तुम्हीच लिहिता. त्यात लातूरला रिपीटसाठी, म्हणजे वर्षभर थांबून पुन्हा नीटची तयारी करण्यासाठी, पैसे भरायचं ठरलंय आणि त्याला त्याचा पत्ताही नाही! स्पष्ट लिहिते, राग मानू नका. त्याच्या आयुष्यातलं एक अख्खं वर्ष तुम्ही त्याला न विचारता ठरवून टाकलंत. नापास होण्यापेक्षा हे मला जास्त गंभीर वाटतं.

आता तुमची तक्रार : ‘प्रत्येक फोटोची तारीख, जागा, झाडाचं नाव लिहीत बसतो, वह्या भरल्यात.’ अहो, हीच तर पत्रातली सगळ्यात चांगली बातमी आहे. नुसता फोटोचा नाद असलेला मुलगा सुंदर फूल टिपतो आणि पुढे जातो. तुमचा मुलगा पानाची मागची बाजू, खोड, फळ असे वेगवेगळे फोटो घेतो, ही वनस्पती अभ्यासणाऱ्यांची सवय आहे. फोटोग्राफी करिअर आहे की नाही, हा वाद त्यामुळे बाजूला ठेवा. त्याचा ओढा वनस्पतिशास्त्राकडे दिसतो. त्यालाही एक गोष्ट सांगा. कास पठारावर पांढऱ्या बटणांसारखे दिसणारे गेंद असतात. त्यांच्या कितीतरी जाती नुसत्या फोटोवरून वेगळ्या ओळखता येत नाहीत; फुलांचे बारीक भाग आणि बिया सूक्ष्मदर्शकाखाली पाहाव्या लागतात. कॅमेऱ्याच्या पुढचं हे काम करायचं असेल, तर शिक्षणाला पर्याय नाही.

‘आधी एमबीबीएस होऊ दे, मग हवं तर वनखात्याची परीक्षा दे,’ असं तुम्ही त्याला सांगता. हा गैरसमज मला अनेक घरांत भेटतो. यूपीएससीच्या भारतीय वन सेवेला कुठलीही पदवी चालत नाही. वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र, रसायन, भौतिक, गणित, संख्याशास्त्र, भूशास्त्र, पशुवैद्यक यांपैकी एखादा विषय पदवीला लागतो, नाहीतर कृषी, वनशास्त्र किंवा अभियांत्रिकीची पदवी. एमबीबीएस या यादीत नाही. म्हणजे जो रस्ता तुम्ही सुरक्षित म्हणून दाखवताय, तो मुलाला जायचंय तिथे पोचतच नाही. शिवाय वन अधिकाऱ्याच्या नोकरीत प्रशासन, अतिक्रमणं, वणवे, कोर्टकचेऱ्या भरपूर असतात. फुलं पाहायला मिळतात म्हणून तिकडे जाऊ नये.

बाकीचे मार्ग थोडक्यात. नीट देऊ द्याच. त्या गुणांवर पशुवैद्यकीय प्रवेशही होतात. दापोलीच्या वनशास्त्र महाविद्यालयासाठी एमएचटी-सीईटी, आयसर या विज्ञान शिक्षण-संशोधन संस्थांसाठी त्यांची वेगळी परीक्षा. चांगल्या कॉलेजातून बीएस्सी बॉटनी करणं हा कमीपणा नव्हे. पुढे डेहराडूनची भारतीय वन्यजीव संस्था किंवा बंगळुरूचं एनसीबीएस हे जीवशास्त्र संशोधन केंद्र इथे वन्यजीवशास्त्रात एमएस्सी करता येते. भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचं पश्चिम विभागाचं केंद्र पुण्यात आहे आणि आघारकर संशोधन संस्थाही तिथेच. २००२च्या जैवविविधता कायद्यामुळे गावोगावी ‘लोक जैवविविधता नोंदवह्या’, म्हणजे तिथल्या झाडांच्या-प्राण्यांच्या नोंदी, करायच्या असतात, पर्यावरण परिणामांच्या अहवालांनाही झाडं ओळखणारी माणसं लागतात. पैशांचं मात्र खरं सांगते : कायम नोकऱ्या थोड्या आहेत, सुरुवातीची काही वर्षं प्रकल्पांच्या मानधनावर जातात, पीएचडी बहुतेकदा करावीच लागते. घराला त्याच्या पगाराची लगेच गरज असेल तर ते आताच त्याच्याशी मोकळेपणी बोला. तो समजून घेण्याएवढा मोठा आहे.

कॅमेरा आजच परत द्या, मार्कांची अट न घालता. अटी घालायच्याच तर जंगलाच्या घाला : एकट्याने जायचं नाही, दगड उचलून साप-विंचू शोधायचे नाहीत, फोटोसाठी रोपं उपटायची नाहीत. शिंदळ माकुडीसारखी दुर्मीळ वनस्पती सापडली, तर नेमकी जागा इंटरनेटवर टाकायची नाही. चोरून नेणारे असतात. नीट मे महिन्यात आहे, तोवर दर रविवारऐवजी एकाआड एक रविवार, असं त्यालाच ठरवू द्या.

लातूरचे पैसे अजून भरले नसतील तर थांबा. आधी त्याच्या वह्या मागून घ्या, त्याच्याकडून समजून घ्या, आणि मग रिपीट करायचंय का ते त्याला विचारा. तो नाही म्हणाला, तर ते नाही मान्य करा.