साहेब प्रशिक्षणाला गेले आहेत

प्रश्न : स.न.वि.वि. आमच्या शेतजमिनीच्या वाटपाचा दावा तालुक्याच्या न्यायालयात सहा वर्षांपासून चालू आहे. गेल्या महिन्यात माझ्या वडिलांची उलटतपासणी ठेवली होती. त्यांचे वय पंचाहत्तर असून गुडघ्यांमुळे चालवत नाही. गाडी करून त्यांना न्यायालयात नेले, तर शिपायाने सांगितले की साहेब प्रशिक्षणाला गेले आहेत, पुढची तारीख घ्या. परीक्षा देऊन नेमणूक झालेल्या आणि इतकी वर्षे निकाल देणाऱ्या न्यायाधीशांना पुन्हा काय शिकायचे असते? आणि त्याचा भुर्दंड आम्ही का सोसायचा?
– एक वाचक, सातारा जिल्हा

उत्तर : आपल्या पत्रात दोन प्रश्न आहेत. पहिल्यात आपण न्यायाधीशांवर थोडा अन्याय करत आहात. दुसऱ्यात आपले म्हणणे रास्त आहे.

दूरचे उदाहरण कशाला, आपलाच दावा घेऊ. महाराष्ट्राने १९९४ साली स्वतंत्र दुरुस्ती करून मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत सहदायाद म्हणून, म्हणजे मुलाप्रमाणे जन्मतःच हिस्सेदार म्हणून, हक्क दिला. मात्र त्याआधी लग्न झालेल्या मुली त्यातून वगळल्या गेल्या. पुढे केंद्राची दुरुस्ती ९ सप्टेंबर २००५ पासून लागू झाली आणि तिने हा भेद ठेवला नाही. २०१५ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की त्या दिवशी वडील हयात असले तरच मुलीला हा हक्क मिळेल. २०१८ च्या एका निकालाचा सूर याच्याशी जुळेना, आणि खालची न्यायालये पेचात पडली. अखेर ११ ऑगस्ट २०२० रोजी विनीता शर्मा प्रकरणात तीन न्यायमूर्तींच्या पीठाने हा वाद मिटवला : मुलीचा हक्क जन्मापासूनचा आहे, आणि २००५ साली वडील हयात असणे त्यासाठी आवश्यक नाही. आता अशी कल्पना करा की एखादे न्यायाधीश २०१६ च्या समजुतीवरच थांबले आहेत. ते अतिशय प्रामाणिकपणे आणि मेहनतीने निकाल लिहितील, आणि बहिणींचे हिस्से चुकीचे काढतील. त्यानंतर अपील होईल, आणि सहा वर्षांची बारा वर्षे होतील.

फौजदारी बाजूला तर १ जुलै २०२४ पासून दंड संहिता, फौजदारी प्रक्रिया संहिता आणि पुरावा कायदा हे तिन्ही मूळ कायदेच बदलले. खुनाचे कलम ३०२ चे १०३ झाले आणि बोलीभाषेत रुळलेले ‘चारशेवीस’ आता ३१८ मध्ये गेले. कलमांचे आकडे पाठ करणे हा यातला सोपा भाग आहे. त्या तारखेपूर्वी घडलेला गुन्हा जुन्या दंड संहितेखाली आणि नंतरचा नव्या न्याय संहितेखाली चालवायचा असल्याने एकाच दिवशी, कामकाजाच्या एकाच यादीत, दोन्ही कायदे हाताळावे लागतात. मोबाइलमधील चित्रफीत किंवा संदेश पुराव्यात घेताना कोणते प्रमाणपत्र हवे आणि ते कोणी द्यावे, याचे नियमही आता अधिक तपशीलवार आहेत.

तरीही माझ्या मते प्रशिक्षणाचे खरे प्रयोजन कायद्याच्या माहितीत नाही, कारण ती पुस्तकातूनही मिळते. लोकसेवा आयोगाच्या परीक्षेत उमेदवाराला कायदा किती येतो हे कळते. घाबरलेल्या साक्षीदाराचे उत्तर त्याच्याच शब्दांत कसे नोंदवावे, उलटतपासणीत प्रश्न कोठे संपतो आणि छळ कोठे सुरू होतो, दाव्यातील मुद्दे नेमके कसे काढावेत, हे त्या परीक्षेत कळत नाही. अत्याचार झालेल्या लहान मुलीची साक्ष हे याचे सर्वांत कठीण रूप. तिला आरोपी दिसू नये, प्रश्न तिला समजतील अशा भाषेत यावेत, आणि तरीही आरोपीचा उलटतपासणीचा हक्क अबाधित राहावा, हे सर्व एकाच वेळी सांभाळावे लागते. महाराष्ट्रातूनच गेलेल्या स्मृती बडदे प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२२ मध्ये अशा साक्षीदारांसाठी देशभर स्वतंत्र साक्षकेंद्रे उभारण्याच्या सूचना दिल्या, आणि त्यासाठीच्या प्रशिक्षणाची आखणी माजी न्यायमूर्ती गीता मित्तल यांच्या समितीकडे सोपवली. खोली आणि पडदा यांची सोय निधीतून होईल. त्या खोलीत कसे बोलावे हे मात्र शिकावेच लागते.

न शिकल्यास काय होते तेही दिसले आहे. मध्य प्रदेशात विनयभंगाच्या एका प्रकरणात आरोपीने पीडितेकडून राखी बांधून घ्यावी, अशी अट घालून जामीन देण्यात आला होता. मार्च २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती अट रद्द केली आणि न्यायाधीशांच्या प्रशिक्षणात लिंगभाव संवेदनशीलतेचा समावेश करण्याचा आदेश दिला. राखीची ती अट तालुक्याच्या न्यायालयाने नव्हे, उच्च न्यायालयाने घातली होती.

ही व्यवस्थाही फार जुनी नाही. न्यायमूर्ती डी. ए. देसाई यांच्या अध्यक्षतेखालील विधी आयोगाने १९८६ च्या ११७ व्या अहवालात न्यायिक अधिकाऱ्यांच्या प्रशिक्षणाचा प्रश्न मांडला. भोपाळच्या राष्ट्रीय न्यायिक अकादमीची संस्था म्हणून नोंदणी १९९३ साली झाली, आणि तिच्या वास्तूचे उद्घाटन २००२ साली राष्ट्रपती डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांच्या हस्ते झाले. आपल्याकडचे न्यायाधीश मुख्यतः भाईंदरजवळ उत्तन येथील महाराष्ट्र न्यायिक अकादमीत जातात. नवे न्यायाधीश दीर्घ प्रशिक्षणासाठी, जुने काही दिवसांच्या उजळणीसाठी.

आता भुर्दंडाबद्दल. अशा कार्यक्रमांचे वेळापत्रक सहसा आधी आखलेले असते. त्यामुळे त्या दिवशी साक्ष ठेवली गेली आणि पक्षकाराला दारात येईपर्यंत कळले नाही, हा दोष प्रशिक्षणाचा नसून कामकाजाच्या नियोजनाचा आहे, आणि तो क्षम्य आहे असे मला वाटत नाही. वकिलांना एक निरोप धाडला असता तर भागले असते. आपल्या हातात मात्र एक चांगला उपाय आहे. आजारपणामुळे किंवा वार्धक्यामुळे न्यायालयात येणे शक्य नसलेल्या व्यक्तीची साक्ष कोर्ट कमिशनरमार्फत, म्हणजे न्यायालयाने त्यासाठी नेमलेल्या व्यक्तीमार्फत, घरी नोंदवण्याची तरतूद दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश २६ मध्ये आहे. वडिलांचे वैद्यकीय प्रमाणपत्र जोडून आपल्या वकिलांना तसा अर्ज देण्यास सांगावे. पुढच्या तारखेची वाट पाहू नये.

प्रश्न : मी विधी शाखेच्या शेवटच्या वर्षात आहे. न्यायाधीश होण्यासाठी आता तीन वर्षे वकिली बंधनकारक झाली, असे ऐकले. नेमणुकीनंतर प्रशिक्षण मिळणारच असेल, तर वकिलीचा आग्रह कशासाठी?
– एक विद्यार्थिनी, नागपूर

उत्तर : आपण ऐकले ते खरे आहे. १९९३ साली सर्वोच्च न्यायालयाने ही अट घातली, २००२ साली काढली आणि २० मे २०२५ रोजी पुन्हा आणली. मधल्या काळातला विचार आपल्यासारखाच होता : न्यायाधीशांच्या वेतन व सेवाशर्तींसाठी नेमलेल्या शेट्टी आयोगाच्या अहवालानंतर न्यायालयाला वाटले की तीन वर्षांत हुशार पदवीधर दुसरीकडे निघून जातात, तेव्हा त्यांना लवकर घ्यावे आणि किमान एक वर्ष, शक्यतो दोन वर्षे, प्रशिक्षण द्यावे. मूळचे अमरावतीचे तत्कालीन सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या पीठाने २०२५ मध्ये उलट निष्कर्ष काढला : वकिलीशिवाय आलेल्या नव्या न्यायाधीशांचा अनुभव चांगला नाही. वकील म्हणून झालेल्या तात्पुरत्या नोंदणीपासूनचा काळ या तीन वर्षांत धरला जातो, न्यायमूर्तींकडे विधी लिपिक म्हणून केलेले कामही त्यात येते, आणि निवड झाल्यावर न्यायासनावर बसण्यापूर्वी किमान एक वर्षाचे प्रशिक्षण घ्यावेच लागते. आपण ज्या जाहिरातीला अर्ज कराल तिच्यातील अटी मात्र काळजीपूर्वक वाचाव्यात.

माझे मत विचाराल तर मला दोन्ही बाजूंत तथ्य दिसते. साक्ष होण्याची वाट पाहत अर्धा दिवस बाकावर बसून राहणे म्हणजे काय, हे पक्षकारासोबत बसल्याशिवाय कळत नाही, आणि ते कोणतीही अकादमी शिकवू शकत नाही. परंतु ज्या मुलीच्या घरी ती तीन वर्षे तुटपुंज्या कमाईवर काढण्याची ऐपत नाही, तिचा विचार या निर्णयात पुरेसा झाला का, याबद्दल मला शंका आहे.

प्रश्न : न्यायाधीशांना ‘शिकवणे’ म्हणजे त्यांच्या स्वातंत्र्यावर घाला नव्हे का? आणि उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींना कोण शिकवते?
– एक निवृत्त शिक्षक, रत्नागिरी

उत्तर : हे प्रशिक्षण सरकार देत असते तर आपली भीती योग्य ठरली असती. घटनेच्या अनुच्छेद २३५ नुसार जिल्हा व तालुका न्यायालयांवर नियंत्रण उच्च न्यायालयाचे असते. भोपाळच्या अकादमीचा खर्च केंद्र सरकार करत असले, तरी तिचे अध्यक्षपद सरन्यायाधीशांकडे असते. न्यायमूर्तींसाठीही तेथे परिषदा होतात; मात्र त्यांना बसायला लावील असा कायदा नाही, आणि वर सांगितलेली राखीची गोष्ट आठवली की हे खटकते. फ्रान्समध्ये न्यायाधीशांची शाळा बोर्दोला आहे. सेवेत आल्यावरही दरवर्षी पाच दिवसांचे प्रशिक्षण तेथील न्यायाधीशांना चुकत नाही, आणि त्यामुळे आपले स्वातंत्र्य गेले असे ते मानत नाहीत.

खरा धोका मला वेगळ्या ठिकाणी दिसतो. वर्ग घेणारे अनेकदा उच्च न्यायालयाचे आजी-माजी न्यायमूर्ती असतात, आणि समोर बसलेल्यांच्या निकालांवरची अपिले, तसेच त्यांचे गोपनीय अहवाल, अखेर उच्च न्यायालयाकडेच जातात. अशा वर्गात कोणी हात वर करून ‘मला हे पटत नाही’ म्हणणे कठीण. व्याख्यात्याचे मतच कायदा म्हणून वहीत उतरते. म्हणून व्याख्याने कमी करून, खऱ्या खटल्यांची कागदपत्रे नावे झाकून समोर ठेवावीत, प्रत्येकाने स्वतंत्रपणे निकाल लिहावा आणि मग एकाच पुराव्यावरून निकाल वेगळे का आले यावर चर्चा व्हावी, असे मला वाटते. अशा चर्चेत कनिष्ठ न्यायाधीशाला निदान आपली कारणे मांडता येतात, आणि ज्येष्ठांनाही ती ऐकावी लागतात.