मस्जिद, मशीद आणि मस्जिद बंदर

एका वाचकाचा प्रश्न आहे. ते सुट्टीच्या दिवशी मुलीला घेऊन मध्य रेल्वेची एकेक स्टेशनं पाहत हिंडतात. सीएसएमटी सोडल्यावर पहिलंच स्टेशन लागतं, त्याच्या पाटीवर ‘मस्जिद’, डब्यातले लोक म्हणतात ‘मस्जिद बंदर’, आणि मराठी छापील मजकुरात कधी ‘मशीद बंदर’. यातलं बरोबर काय, ही मशीद नेमकी कुठली आणि समुद्र दिसत नसताना बंदर कसलं? शाळेत नुकतीच हिंदी सुरू झालेल्या मुलीने तर “तिथे माकडं असतात का?” असंही विचारलंय म्हणे.

माकडांचा प्रश्न आधी निकालात काढू. हे बंदर फारसीतलं, जहाजं लागतात ते. मुंबईत मात्र लहानसहान धक्क्यालाही बंदरच म्हणत. बोरीबंदर, चिंचबंदर, वाडीबंदर, कर्नाक बंदर ही सगळी त्याच कुळातली. पूर्व किनाऱ्याला भर पडत गेली, १८८० मध्ये प्रिन्सेस डॉक सुरू झाला, समुद्र पूर्वेला सरकला आणि नावं होती तिथेच राहिली. १६ एप्रिल १८५३ ला पहिली गाडी ठाण्याला निघाली तीही बोरीबंदरहूनच, आणि आज तिथे उभं राहून कुणाला होडी आठवणार?

आता मशीद. स्टेशनच्या पश्चिमेला बाहेर पडलं की हातगाड्या, पोती आणि “बाजू, बाजू” ओरडणारे हमाल यांच्यातून वाट काढावी लागते. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा एका पानवाल्याला विचारलं, “ज्या मशिदीवरून स्टेशनला नाव पडलं ती कुठंय?” तो म्हणाला, “कोणती पाहिजे? इथे गल्लीगल्लीत आहे.” खरंच आहे. झकेरिया मशीद तिथून जवळच आहे. पण नाव जिच्यावरून पडलं असं सांगतात ती मशीद मुसलमानांची नाही, ज्यूंची आहे. सॅम्युअल स्ट्रीटवरचं ‘शार हारहमीम’, म्हणजे दयेचं द्वार, हे १७९६ मध्ये स्थापन झालेलं सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ. बेने इस्रायली, म्हणजे कोकणातली मराठी ज्यू मंडळी त्याला ‘जुनी मशीद’ म्हणत.

इथे बरेच जण अडखळतात. ज्यू आपल्या प्रार्थनास्थळाला मशीद कशाला म्हणतील? पण हे ज्यू कोण ते पाहा. दिवेकर, केहिमकर, रोहेकर, पेणकर. कोकणात पिढ्यान्‌पिढ्या तेलघाणे चालवणारे आणि शनिवारी घाणा बंद ठेवणारे, म्हणून गावाने नाव ठेवलं ‘शनवार तेली’. घरातली भाषा मराठी. सणांची नावंसुद्धा त्यांनी मराठीत घडवली: रोश हशाना, म्हणजे ज्यूंचं नववर्ष, हा ‘नव्याचा सण’, उपासाचा योम किप्पुर हा ‘दारफळणीचा सण’. मला तर ‘दारफळणी’ हा शब्द कितीही वेळा उच्चारला तरी पुरत नाही. दारं लावून दिवसभर उपास करायचा, तो अख्खा दिवस त्या एका शब्दात बसलाय. अशा लोकांना मूर्ती नसलेल्या, एका देवाच्या प्रार्थनेच्या जागेसाठी आजूबाजूला तयार असलेला मराठी शब्द कोणता? मशीद. देऊळ म्हणणं शक्य नव्हतं, आणि ‘सिनेगॉग’ तर मूळचा ग्रीक, तो इंग्रजीच्या पाठीवर बसून फार उशिरा आला.

शब्द त्यांना तसा परकाही नाही. अरबी ‘मस्जिद’ म्हणजे सजदा करण्याची, माथा टेकण्याची जागा, धातू स-ज-द. त्याचाच सख्खा भाऊ हिब्रूत स-ग-द, अर्थ तोच, लवून नमस्कार करणं. इथिओपियाच्या ज्यूंचा ‘सिग्द’ नावाचा सण आहे, तोही याच मुळाचा.

हे सिनेगॉग बांधणारे सॅम्युअल एझेकिएल दिवेकर, म्हणजे आपल्या बोलीत सामाजी हसाजी. सॅम्युअलचं सामाजी आणि एझेकिएलचं हसाजी! ते कंपनीच्या फौजेत होते आणि टिपूच्या कैदेत सापडले. धर्म विचारल्यावर ‘बेने इस्रायल’ असं उत्तर दिलं, कुराणात ज्यांचा उल्लेख आहे ते हेच, म्हणून टिपूच्या आईने जीव वाचवायला लावला, अशी आख्यायिका आहे. सुटून आल्यावर त्यांनी हे मंदिर उभारलं. (पाहा, मीसुद्धा सहज ‘मंदिर’ लिहून गेलो.) रस्त्याचं नावही त्यांच्यावरूनच.

आता बरोबर काय, यावर. मराठीत रुळलेलं रूप ‘मशीद’, स्त्रीलिंगी, अनेकवचन मशिदी, सामान्यरूपात शी ऱ्हस्व: मशिदीत, मशिदीला. रेल्वेच्या पाटीवरचं ‘मस्जिद’ मूळ अरबीला जवळचं. बोलणारा या दोघांत कधी गोंधळत नाही. “मस्जिदला उतरलो” म्हणतो, “मशिदीत गेलो” म्हणतो. “मशिदीला उतरलो” असं कुणी म्हणणार नाही. म्हणजे स्टेशनचं नाव झाल्यावर शब्दाने आपलं सामान्यरूप टाकून दिलं. ठाणं, कुर्ला, भायखळा यांनी ते टाकलेलं नाही, आपण ठाण्याला, कुर्ल्याला, भायखळ्यालाच जातो. नाशिकचं तर नाशकात आणि नाशिकला दोन्ही चालतं. तेव्हा स्टेशनसाठी ‘मस्जिद’ किंवा ‘मस्जिद बंदर’ लिहा, इमारतीसाठी ‘मशीद’. ‘मशीद बंदर’ला मी चूक म्हणणार नाही, उलट ऐकायला मला तेच अधिक मराठी वाटतं. फक्त तिकीट काढताना म्हणून बघा, खिडकीतला माणूस एकदा मान वर करून पाहील.

आणि मुलीला घेऊन हे सिनेगॉग पाहायला जाणारच असाल तर धीम्या गाडीने जा, फास्ट मस्जिदला थांबत नाही, सीएसएमटीनंतर थेट भायखळ्याला थांबते. शनिवार टाळा, तो शब्बाथ, ज्यूंचा विश्रांतीचा दिवस. ओळखपत्र जवळ असू द्या.