मुलीला आयकिडोला घालावं का? लाकडी तलवार-काठी सेफ आहे का आणि सर्टिफिकेटचा पुढे फायदा होतो का?

तुम्ही लिहिलंय की मुलगी आठवीत आहे, परभणीत क्लास भेटलाय, पण तिथं लाकडी तलवार आणि काठी हातात देतात म्हणून भीती वाटते, आणि सर्टिफिकेटचा उपयोग काय. सर्टिफिकेटचं आधी सांगते, कारण त्याच्यावरून आमच्या घरात वर्षानुवर्षं वाजलंय. उपयोग नाही. दहावीचे क्रीडागुण असोत की सरकारी नोकरीतलं 5 टक्के खेळाडू आरक्षण, सगळं स्पर्धेवर चालतं, आणि आयकिडोत स्पर्धाच नसते, ही जपानी युद्धकला सुरू करणाऱ्या उएशिबांनी स्पर्धा मुद्दामच ठेवली नाही. मार्कांसाठी घालायचं असेल तर तायक्वांदोला घाला.

माझे काका पूर्णेला रेल्वेत होते, कबड्डीवर स्पोर्ट्स कोट्यातून लागलेले. खेळ म्हणजे मेडल आणि मेडल म्हणजे नोकरी, हा त्यांचा हिशोब पक्का. आमचा डोजो, म्हणजे सरावाची जागा, हा एका मंगल कार्यालयाचा हॉल, लग्नसराई लागली की आम्ही बाहेर. मैदानावर मॅट नाही म्हणजे उकेमी (न लागता पडणं) नाही, थ्रो नाही, मग उन्हाळाभर ऊन चढायच्या आत नुसतं बोकेन, म्हणजे लाकडी तलवार, आणि 'जो', म्हणजे काठी. काकांनी मला नेमकं त्याच दिवसांत बघितलं. "ही लाकडं घेऊन काय करायलीस गं? जिंकलं कोण?" मी म्हणलं काका, ह्यात कुणी जिंकत नसतं. त्यानंतर प्रत्येक लग्नात पाहुण्यांना सांगायचे, आमची पोरगी दांडिया शिकायली. मला ते फार लागायचं, अजूनही लागतं.

मग झालं असं की मी ऑनलाइन मागवलेलं बोकेन कुमिताची, म्हणजे जोडीनं तलवारीचा सराव, करताना मधूनच तुटलं आणि तुकडा जोडीदाराच्या कानाजवळून गेला. हलकं लाकूड, वरून नुसतं पॉलिश. जपानी पांढऱ्या ओकचं चांगलं बोकेन मला परवडणारं नव्हतं, तर काकाच म्हणले चल, माझ्या ओळखीचे सुतार आहेत. जन्मभर बैलगाड्या आणि औतं केलेला माणूस. मी सागवान मागितलं तर त्यांनी सरळ नाही म्हणलं, सागवान मार बसला की फाटतं, बाभळ घ्या, कुऱ्हाडीला दांडा आम्ही बाभळीचाच घालतो. चांगली मुरलेली बाभळ काढली, रेषा या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ आहे का ते उन्हात धरून बघितलं, आणि बोकेन 102 सेंटीमीटर, जो 128, असं मापात करून दिलं. वरून जवसाचं तेल. आपल्याकडची हवा इतकी कोरडी की तेल नाही दिलं तर लाकूड तडकतं, मी अजून अधूनमधून चोळते.

घ्यायला गेलो तर सुतारमामा म्हणले, करून दाखव ह्याचं काय करतात ते. त्यांच्या अंगणात 31 जो काता, म्हणजे काठीच्या 31 हालचालींची ठरलेली मालिका, केली. काका म्हणले, "समोर माणूस कुठंय?" मी नवं बोकेन त्यांच्या हातात दिलं आणि म्हणलं घाला माझ्या डोक्यात. कबड्डीचा माणूस, खरंच घातलं. मी वाराची लाईन सोडून आत गेले आणि जो त्यांच्या मनगटावर टेकवला. टेकवला, मारला नाही. तुमच्या सेफ्टीच्या प्रश्नाचं माझं उत्तर हेच आहे, हत्यार हातात असताना कुठं थांबवायचं ते शिकायला खूप वेळ जातो आणि क्लासमध्ये बहुतेक वेळ त्यातच जातो. अंतर, म्हणजे माआई, नुसत्या हातानं इतकं लवकर कळत नाही. शोमेनउची, म्हणजे समोरून डोक्यावर येणारा वार, हा तलवारीचाच वार आहे, बोकेन न धरता इरिमी, म्हणजे वार चुकवून आत शिरणं, करणारे लोक अर्ध्या वाटेत थांबतात असं मी कायम बघितलंय.

काका मनगट चोळत म्हणले, "ते ठीक आहे, पण ह्याचं सर्टिफिकेट?"

तेव्हा सुचलं नाही, आता लिहिते, कुणी सांगितलं तर वाचतील. ही हत्यारं आज ज्या पद्धतीनं आम्ही शिकतो ती नीट बांधली मोरिहिरो साइतोंनी, सुबुरी (एकट्यानं करायचे वार), कुमिताची, कुमिजो (जोडीनं काठीचा सराव) सगळं. 1946 मध्ये जपानातल्या इवामा गावी उएशिबांकडे गेले, 1969 मध्ये उएशिबा वारले तोपर्यंत तिथंच शिकले. आणि साइतो नोकरी कुठं करायचे तर जपानच्या रेल्वेत, चोवीस तास ड्युटी, चोवीस तास सुट्टी, आणि सुट्टीत प्रॅक्टिस अन् गुरूच्या शेतात काम. काका, रेल्वेचाच माणूस होता. मेडलशिवाय.

तरी दोन गोष्टी. उएशिबांचे शिष्य तोमिकी यांच्या आयकिडोच्या शाखेत स्पर्धा होतात, त्यामुळे 'आयकिडोत स्पर्धाच नसते' हे सगळ्यांना लागू नाही. आणि वर्षभरात पोरगी रस्त्यावर कुणाला आडवं करेल असं कुणी सर सांगत असतील तर तिथं घालू नका. एक दिवस जाऊन बसा, मोठी माणसं लहान पोरांसोबत वार हळू करतात का आणि चीर गेलेली लाकडं बाजूला काढतात का ते बघा. पहिल्याच महिन्यात बोकेन विकत घ्यायला लावत असतील तर नाही म्हणा, आधी डोजोतलं वापरू द्या. नंतर घ्यायचंच झालं तर आधी जो घ्या, बाभळीचा, आणि सुतार तुमच्या गावातच असेल.