बटण दाबले तरी दिवा लागत नाही
वाचकांचे प्रश्न, संगणकाविषयी

प्रश्न : मी निवृत्त प्राथमिक शिक्षिका असून चिपळूणजवळच्या एका खेड्यात राहते. सहा वर्षांपूर्वी घेतलेल्या लॅपटॉपवर मी गावोगावच्या वृद्ध स्त्रियांकडून ऐकलेल्या जात्यावरच्या ओव्या टंकून ठेवल्या आहेत आणि काहींच्या आवाजातील ध्वनिमुद्रणेही त्यात आहेत. मे महिन्याच्या अखेरीस मी मुलीकडे नाशिकला गेले. ऑगस्टमध्ये परत आल्यावर बटण दाबले, तर लॅपटॉप सुरूच होईना. दिवा लागत नाही, पंख्याचा आवाज येत नाही. दुरुस्तीच्या एका दुकानात दाखवला, तेव्हा पाच मिनिटांत ‘मदरबोर्ड गेला, आता नवीनच घ्या’ असे सांगण्यात आले. खरोखरच काही उपाय उरलेला नाही का? आणि माझ्या ओव्यांचे काय होणार?

उत्तर : बाई, आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण खरी काळजी आपल्याला त्याचीच आहे हे पत्रावरून स्पष्ट दिसते. ओव्या मदरबोर्डवर, म्हणजे सर्व भाग जोडणाऱ्या मुख्य पाटीवर, नसतात. त्या हार्ड डिस्कमध्ये किंवा एसएसडीमध्ये, म्हणजे माहिती साठवणाऱ्या वेगळ्या भागात, असतात आणि सहा वर्षांपूर्वीच्या बहुतेक लॅपटॉपमध्ये हा भाग झाकण उघडून, स्क्रू काढून वेगळा करता येतो. तो यूएसबीच्या छोट्या डबीत, म्हणजे दुकानदार ज्याला एन्क्लोजर म्हणतात त्यात, बसवला की दुसऱ्या कोणत्याही संगणकाला पेनड्राइव्हसारखा जोडता येतो. अगदी पातळ अशा काही मॉडेलांत साठवणुकीच्या चिप मदरबोर्डवरच सोल्डर केलेल्या असतात आणि तेथे काम अवघड होते; आपले मॉडेल त्यांपैकी आहे का, एवढे मात्र आधी विचारून घ्यावे. डिस्क जोडल्यावर पडद्यावर ४८ अंकी रिकव्हरी की मागितली गेली, तर घाबरू नये. विंडोजने डिस्क बिटलॉकर या आपल्या सुरक्षा सोयीने कुलूपबंद केली आहे, एवढाच त्याचा अर्थ असतो आणि ही की बहुधा आपल्याच मायक्रोसॉफ्ट खात्यात जपलेली असते. दुसऱ्या एखाद्या संगणकावरून त्या खात्यात जाऊन ती आजच शोधावी आणि वहीत उतरवून ठेवावी. जुना लॅपटॉप देऊन नवा घेण्याची योजना कोणी पुढे केली, तर डिस्क हातात आल्याशिवाय यंत्र कोणाच्याही स्वाधीन करू नये, ही माझी कळकळीची विनंती आहे.

आता लॅपटॉपविषयी. मदरबोर्ड खरोखरच गेलेला असू शकतो, परंतु कोणतेही मोजमाप न दाखवता दिलेले हे निदान मी तरी अंतिम मानणार नाही. भिंतीतल्या सॉकेटमधून निघालेली वीज लॅपटॉपच्या पोटात पोहोचेपर्यंत चार-पाच ठिकाणी अडू शकते आणि त्यांतली निम्मी ठिकाणे लॅपटॉपच्या बाहेरच आहेत. तेव्हा शोध भिंतीपासून सुरू करावा. त्याच सॉकेटला टेबललॅम्प किंवा मोबाईलचा चार्जर लावून वीज येते याची खात्री करून घ्यावी. अडॅप्टरच्या काळ्या ठोकळ्याला जी वायर भिंतीकडून येते, ती ठोकळ्यातून सुटी निघते; तिचे तोंड तीन पाकळ्यांच्या पानासारखे असते. वर्षानुवर्षे गुंडाळून ठेवल्याने हे तोंड सैल होते किंवा आतली तार तुटते, बाहेरून मात्र काहीही दिसत नाही. ती वायर काढून घट्ट बसवावी आणि शेजारीपाजारी तशीच वायर असेल तर लावून पाहावी.

आपल्या अडॅप्टरवर हिरवा किंवा पांढरा दिवा असल्यास पुढची तपासणी आपण घरीच करू शकता आणि ती फार बोलकी आहे. अडॅप्टर लॅपटॉपला न जोडता नुसता भिंतीला लावावा. दिवाच लागला नाही, तर अडॅप्टर किंवा त्याची वायर खराब आहे, लॅपटॉपचा दोष अजून सिद्ध झालेला नाही. दिवा लागला, पण पिन लॅपटॉपमध्ये घालताक्षणी विझला किंवा लुकलुकू लागला, तर लॅपटॉपच्या आत बहुधा कोठेतरी शॉर्ट आहे, म्हणजे वीज भलत्याच वाटेने वाहते आहे, आणि अडॅप्टर स्वतःला वाचवण्यासाठी वीज तोडतो आहे असे समजावे. तेव्हा पुन्हा पुन्हा पिन घालून पाहू नये. दिवा स्थिर राहिला, तर शॉर्ट असण्याची शक्यता पुष्कळ कमी होते, मात्र अडॅप्टर पुरेसे व्होल्टेज देतो आहे, असे त्यावरून ठरत नाही. ते व्होल्टेज मोजणाऱ्या मल्टिमीटरनेच कळते आणि हे काम गावातल्या वायरमनकडून करून घेता येईल. अडॅप्टरच्या चिठ्ठीवर आउटपुट म्हणून १९ किंवा १९.५ व्होल्ट लिहिलेले असेल, तर मीटरवर जवळपास तेवढाच आकडा यायला हवा.

आपल्या बाबतीत माझा पहिला संशय मात्र पिन जेथे जाते त्या जॅकवर आणि बॅटरीवर आहे, कारण लॅपटॉप भर पावसाळ्यात बंद घरात पडून होता. कोकणातील पावसाळी हवेत महिनोन्‌महिने हालचाल नसलेल्या धातूच्या जोडांवर हिरवट थर चढतो. मोबाईलच्या विजेरीचा प्रकाश जॅकमध्ये पाडून पाहावे. मधला काटा चकचकीत न दिसता काळपट वा हिरवट दिसला, किंवा पिन घातल्यावर ती हातात हलू लागली, तर दुरुस्ती तेथे आहे. अनेक मॉडेलांत हा जॅक वायरीसह सुटा मिळतो आणि मदरबोर्डला हात न लावता बदलता येतो. जॅकमध्ये टाचणी, सुई किंवा ओला कापूस घालून स्वतः खरवडण्याचा प्रयत्न मात्र करू नये.

बॅटरीचे म्हणणे असे. लॅपटॉप शट डाउन न करता नुसते झाकण मिटून ठेवले, तर तो झोपलेल्या अवस्थेत थोडी थोडी वीज खात राहतो. दोन-अडीच महिन्यांत बॅटरी इतकी खाली जाते की तिच्यातले संरक्षक सर्किट तिला बंद करून टाकते. अशी बॅटरी अडॅप्टर लावल्याबरोबर जागी होत नाही. म्हणून अडॅप्टर जोडून, बटणाला हात न लावता, तास-दीड तास तसेच राहू द्यावे आणि मग प्रयत्न करावा. त्याआधी लॅपटॉप सपाट टेबलावर ठेवून पाहणे आवश्यक आहे: तो डुगडुगत असेल, टचपॅड वर उचलला गेला असेल किंवा झाकण नीट मिटत नसेल, तर बॅटरी फुगलेली आहे. फुगलेली लिथियम बॅटरी पेट घेऊ शकते. ती चार्ज करू नये, दाबू नये, टोचू नये आणि कचऱ्यात टाकू नये, तर दुकानातून काढून घेऊन ई-कचरा संकलनाकडे द्यावी.

बॅटरी फुगलेली नसेल, तर आणखी एक उपाय करून पाहावा, जो ऐकायला भाबडा वाटतो, पण अनेकदा कामी येतो. लॅपटॉपचे बटण पंख्याच्या बटणासारखे थेट वीज जोडत नाही. ते एका छोट्या नियंत्रक चिपला खूण करते आणि ती चिप पुढचे सर्व भाग क्रमाने जागे करते. वीज अर्धवट जाऊन-येऊन ही चिपच अडकून बसली, तर सर्व भाग धडधाकट असूनही यंत्र मेल्यासारखे वाटते. तिला मोकळे करण्यासाठी अडॅप्टर काढावा, बॅटरी बाहेरून निघणारी असल्यास तीही काढावी आणि बटण पूर्ण ३० सेकंद दाबून धरावे. नंतर केवळ अडॅप्टर जोडून बटण एकदा दाबावे. लेनोवो थिंकपॅडच्या पुष्कळ मॉडेलांना तळाशी यासाठी बारीक छिद्र असते, त्यात अडॅप्टर काढल्यावर सरळ केलेल्या पेपरक्लिपचे टोक हलकेच दाबतात.

एवढ्याने दिवा लागला, पंखा फिरू लागला, पण पडदा काळाच राहिला, तर प्रश्न बदलला असे समजावे. कॅप्स लॉकची कळ दाबल्यावर तिचा दिवा लागतो-विझतो का ते पाहावे. लागत-विझत असेल तर यंत्र चालू आहे आणि दोष पडद्याच्या बाजूला असण्याचा संभव अधिक. घरच्या टीव्हीला एचडीएमआय वायरने जोडून खात्री होईल. कॅप्स लॉकचा, पॉवरचा किंवा बॅटरीचा दिवा ठरावीक संख्येने लुकलुकत असेल, तर तो आकडा मोजून तंत्रज्ञाला सांगावा, कारण डेल, एचपीसारख्या कंपन्या त्याच खुणेने बिघाडाचा भाग दाखवतात. दमट हवेत रॅमच्या, म्हणजे संगणकाच्या तात्पुरत्या स्मृतीच्या, सोनेरी पट्ट्यांचा संपर्क सुटण्याचा प्रकार नेहमीचा आहे. तंत्रज्ञ बॅटरीची जोडणी काढून, दोन्ही बाजूंच्या चिमट्या फाकवून रॅमची पट्टी तिरकी उचलतात, तिच्या कडा पुसतात आणि खट् आवाज येईपर्यंत परत बसवतात. हे काम पाच मिनिटांचे आहे आणि मदरबोर्डला दोष देण्यापूर्वी ते झालेच पाहिजे.

दुकानात पुन्हा जाल तेव्हा तीन गोष्टी विचाराव्यात: जॅकवर किती व्होल्ट मिळाले, बॅटरीची जोडणी काढून केवळ अडॅप्टरवर यंत्र लावून पाहिले का, आणि बोर्ड शॉर्ट असल्यास तो कोठे शॉर्ट आहे. या प्रश्नांची उत्तरे मिळत नसतील, तर चिप लेव्हलचे, म्हणजे बोर्डावरचे बारीक भाग बदलण्याचे, काम करणाऱ्या दुसऱ्या कारागिराकडे जावे. शॉर्ट झालेला एखादा कपॅसिटर, म्हणजे बोर्डावरचा एक बारीक भाग, बदलून चालू झालेले बोर्ड मी स्वतः पाहिले आहेत. मात्र चिपळूणच्या जुलै २०२१ च्या पुरासारखे पाणी ज्या यंत्रात शिरले असेल, ते ‘लागतो का पाहू’ म्हणून कधीही चालू करू नये. आधी बॅटरी सोडवून बोर्ड धुऊन घ्यावा लागतो, अन्यथा वाचण्याजोगे यंत्रही जळते.

लॅपटॉप सुरू झाला, तर विंडोज अद्ययावत करण्याच्या मागे न लागता प्रथम ओव्या आणि ध्वनिमुद्रणे दोन वेगवेगळ्या ठिकाणी उतरवून घ्यावीत, आणि त्यांतली एक प्रत नाशिकला मुलीकडे ठेवावी. पुढच्या पावसाळ्यात परगावी जाताना बॅटरी निम्मी भरलेली ठेवून लॅपटॉप पूर्ण बंद करावा आणि सिलिका जेलच्या पुड्यांसह घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावा.

प्रश्न : मी पुण्यात वसतिगृहात राहतो. लॅपटॉपचा चार्जर गावी राहिला. लॅपटॉपला टाईप-सी पोर्ट आहे, म्हणून मोबाईलचा ६७ वॅटचा चार्जर लावला, पण बॅटरी संपलेला लॅपटॉप चालूच होत नाही. चार्जर तर पुरेसा मोठा आहे, मग अडचण कोठे आहे?

उत्तर : वॅटचा आकडा पुरेसा असला तरी तो कोणत्या व्होल्टेजवर मिळतो हे महत्त्वाचे आहे. मोबाईल कंपन्या तेवढे वॅट अनेकदा स्वतःच्या खास पद्धतीने देतात आणि ती भाषा लॅपटॉपला समजत नाही. मग चार्जर ५ व्होल्टवरच थांबतो. आपल्या लॅपटॉपला बहुधा २० व्होल्ट हवे असतात. चार्जरच्या चिठ्ठीवर यूएसबी पीडी (पॉवर डिलिव्हरी, ही सर्वांसाठीची सामाईक पद्धत) आणि त्यापुढे २० व्होल्ट असे छापलेले असेल, तरच तो उपयोगी पडेल. पोर्टशेजारी विजेची किंवा प्लगची खूण आहे का तेही पाहावे, कारण काही लॅपटॉपचा टाईप-सी पोर्ट केवळ माहितीच्या देवाणघेवाणीसाठी असतो. वायरही तपासावी: साधी टाईप-सी वायर ३ अँपिअर, म्हणजे २० व्होल्टला ६० वॅटपर्यंतच वीज नेते. योग्य चार्जर मिळाल्यावर रिकाम्या बॅटरीला अर्धा तास द्यावा, मग बटण दाबावे.