पावसाच्या तोंडावर एफडी मोडून गच्चीवर पत्रे घालावेत का?

माणगावहून एका शिक्षिका ताईंनी विचारलंय. 2004 साली बांधलेलं स्वतःचं बैठं घर, वर साधारण 900 स्क्वेअर फुटांचा स्लॅब. गेल्या पावसाळ्यात हॉलमध्ये पॅरापेटच्या (गच्चीच्या कठड्याच्या) कडेने पाणी आलं, बेडरूमची बाथरूमला लागून असलेली भिंत अजूनही ओली आहे, आणि किचनच्या छताचा पोपडा पडून फूटभर गज दिसतोय. कॉन्ट्रॅक्टर म्हणतो अख्ख्या गच्चीवर पत्र्याची शेड घाला, 3 लाख 40 हजार, रविवारपर्यंत दीड लाख ॲडव्हान्स द्या म्हणजे पावसाच्या आत उभी करून देतो. मिस्टर म्हणतात 14 टक्क्यांनी पर्सनल लोन घेऊ, तीन वर्षांत फेडू. ताई म्हणतात 4 लाखांची एफडी मोडू, दोन वर्षांची आहे, 7.1 टक्के, अजून सहा महिने बाकी, पण ती लेकीच्या पुढच्या वर्षीच्या ॲडमिशनसाठी ठेवलीय. दोघांचे मिळून महिन्याला 78 हजार हातात येतात, खर्च 58, एसआयपी 8, सेव्हिंग खात्यात 1 लाख 10 हजार. "लोन घेऊ की एफडी मोडू?"

ताई, पैसे कुठून आणायचे ते नंतर बघू, आधी तुमच्याच पत्रातली एक ओळ परत वाचा. बेडरूमची भिंत "अजूनही ओली आहे." आत्ता मे महिना चालू आहे, ऑक्टोबरनंतर गच्चीवर म्हणावं असं पाणी पडलेलं नाही, मग सात महिने उन्हात तापून पण जी ओल जात नाही ती पावसाची कशी असेल? ती बाथरूमची आहे. आतली पाइपलाइन ठिबकत असेल नाहीतर टाइल्सच्या सांध्यातून पाणी झिरपत असेल. म्हणजे 3 लाख 40 हजारांची शेड घातली तरी ही भिंत ओलीच राहणार, आणि पुढच्या दिवाळीला तुम्ही परत रंग काढणार आणि परत त्याला पोपडे येणार. हॉलचं गळणं मात्र पावसाचंच, कारण ते डिसेंबरपर्यंत सुकलं असं तुम्ही स्वतःच लिहिलंय. आणि किचनचा गज हे तिसरंच प्रकरण. तीन दुखणी, तीन औषधं, आणि कॉन्ट्रॅक्टरने तिघांवर मिळून एकच सगळ्यात महागडं औषध लिहून दिलंय.

आता शेड वाईट का? अजिबात नाही, कोकणात घरोघरी गच्चीवर पत्रे दिसतात ते काही हौस म्हणून नाहीत, स्लॅबवर पाणीच पडलं नाही तर गळणार कुठून, शिवाय उन्हाळ्यात घर तापत नाही, पावसात कपडे वाळतात, जूनमध्ये लाकडं-कौलं-सायकली सगळं वर जातं. पण मेच्या अखेरीला घाईघाईत उभी केलेली शेड ही मला रायगड जिल्ह्यात तरी भीतीची गोष्ट वाटते. 3 जून 2020 चं निसर्ग वादळ तुम्ही बघितलंय, मी काय सांगणार, श्रीवर्धनपासून माणगावपर्यंत पत्रे कसे उडाले ते. शेडचे पाय जर पॅरापेटवर नुसते ठोकले असतील तर वारा आधी पॅरापेटलाच घेऊन जातो, आणि स्लॅबला भोकं पाडून बोल्ट मारले तर गळतीला नवीन रस्ता. पाय कॉलमच्या डोक्यावर किंवा बीमवरच यायला हवेत, आणि कॉलम कुठे आहेत हे बघायला शांतपणे मोजमाप लागतं. तुमच्या कोटेशनमध्ये पत्र्याची जाडी लिहिलेली नाही (0.45 की 0.50 एमएम, फरक पडतो), पाइपचं माप नाही, पाय कुठे येणार ते नाही, नुसतं "शेड काम पूर्ण" आणि खाली आकडा. अशा कागदावर दीड लाख देऊ नका. शेडला नगरपंचायतीची परवानगी लागते का तेही आधी विचारून घ्या, विशेषतः बाजू बंद करायचा विचार असेल तर, कारण मग ते वाढीव बांधकाम धरलं जाऊ शकतं आणि घरपट्टीचा प्रश्न येतो.

बरं, आता पैशाचं. पर्सनल लोनचं गणित असं, 3 लाख 40 हजार, 14 टक्के, 36 महिने, हप्ता साधारण 11,600. तुमच्याकडे महिन्याला सगळं जाऊन 12 हजार उरतात, म्हणजे तीन वर्षं सगळं उरलेलं बँकेला, आणि त्याच तीन वर्षांत लेकीचं कॉलेज सुरू होणार. नुसतं व्याज जवळपास 78 हजार, वर 2 टक्के प्रोसेसिंग फी आणि त्यावर जीएसटी धरला तर अजून आठ हजार. मिस्टर म्हणतात घरदुरुस्तीच्या कर्जावर टॅक्स वाचतो, तर ते जुन्या कररचनेत, आणि तिथेही राहत्या घराच्या दुरुस्तीच्या व्याजाला वर्षाला 30 हजारांचीच मर्यादा. तुम्ही दोघंही नवीन रचनेत आहात असं लिहिलंय, तिथे राहत्या घरासाठी यातलं काहीच मिळत नाही. हा मुद्दा सोडून द्या.

एफडी मोडली तर? बँक तुम्हाला 7.1 देणार नाही. पैसे जितके दिवस राहिले तितक्या मुदतीचा तेव्हाचा दर धरतात आणि त्यातून दंड कापतात, साधारण अर्धा ते एक टक्का. समजा दीड वर्षाला तेव्हा 6.8 होता आणि दंड एक टक्का, म्हणजे हातात 5.8. चार लाखांवर दीड वर्षाचे 7,800 रुपये आत्ताच्या आत्ता गेले. तुमच्या बँकेचा नेमका दंड पावतीच्या मागे नाहीतर ॲपमध्ये बघा. पण ताई, 7,800 गेले याचं मला एवढं दुःख नाही. लेकीच्या ॲडमिशनला हातात लाखभरही उरणार नाहीत आणि मग पुढच्या जूनमध्ये तुम्ही एज्युकेशन लोनच्या रांगेत, हे मला खटकतं. अगदीच गरज पडली तर एफडी न मोडता तिच्यावर ओव्हरड्राफ्ट (एफडी तारण ठेवून लागेल तशी उचल) मिळतो, बऱ्याच बँका 90 टक्क्यांपर्यंत देतात, व्याज एफडीच्या दरापेक्षा एक-दोन टक्के जास्त, आणि वापराल तेवढ्यावर आणि तेवढ्याच दिवसांचं. हा पर्याय खिशात ठेवा, खाली कामाला येईल.

मी असतो तर या महिन्यात काय केलं असतं ते सांगतो. पहिलं किचनचा गज. ही एकच गोष्ट अशी आहे की जिच्यासाठी मी वेळ पडली तर उसने पैसे पण घेईन, कारण गज गंजला की फुगतो, फुगला की आजूबाजूचं काँक्रीट फोडतो, आणि दरवर्षी हे काम वाढतच जातं, थांबत नाही. एखाद्या काठीने किंवा हातोडीच्या दांड्याने आजूबाजूचं छत हलकं ठोकून बघा, जिथे पोकळ आवाज येतो तेवढं सगळं सुटलेलं आहे, तेवढं खडूने मार्क करा. सुटलेलं सगळं काढून, गज ब्रशने घासून गंज काढून, त्यावर गंजरोधक लावून मग पॉलिमर मिसळलेल्या मालाने भरायचं. नुसतं वरून प्लास्टर थापून पांढरा रंग मारणारे भरपूर आहेत, त्यांना हात लावू देऊ नका. तुमच्याकडच्या दुसऱ्या मिस्त्रीने 15 हजार सांगितलेत, एवढ्याशा भागाला ठीक वाटतात. गज बोटाने दाबून पापुद्रे निघत असतील किंवा अर्धा बारीक झाला असेल तर मात्र मिस्त्री पुरे नाही, स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा, त्याची फी वाचवू नका.

दुसरं हॉलची कड. आधी खात्री करा की पाणी तिथूनच येतंय. पूर्ण गच्चीवर पाणी साठवून बघायचं म्हटलं तर 900 फुटांवर एक इंच पाणी म्हणजे 2,100 लिटर, मे महिन्यात कोण देणार. त्यामुळे फक्त संशय आहे त्या कोपऱ्यात मातीची किंवा वाळूच्या गोण्यांची पाळ करा, बादल्या ओतून दोन दिवस पाणी ठेवा आणि खाली बघत राहा. ओल आली की पत्ता सापडला. मग गच्ची आणि पॅरापेटच्या सांध्याला वाटा, म्हणजे गोलाई, नीट करून घ्यायची आणि सगळ्या कडेने दीड-दोन फूट केमिकल कोटिंग, त्याचे तुमच्याकडचे 28 हजार. हे काम मेच्या तिसऱ्या आठवड्याच्या आत संपवा, कारण कोटिंगला कोरडा स्लॅब आणि वाळायला वेळ लागतो आणि पावसाचं काही खरं नाही, मुंबईत मान्सूनची नेहमीची तारीख 11 जून पण 2025 ला तो 26 मेलाच येऊन बसला होता. याच कारणाने आत्ता पूर्ण गच्चीचा ब्रिकबॅट कोबा (स्लॅबवरचा विटांच्या तुकड्यांचा थर) काढू नका, अर्धवट उखडलेल्या गच्चीवर पहिला पाऊस म्हणजे आहे त्यापेक्षा वाईट.

तिसरं बाथरूम. सगळे नळ बंद करून रात्रभर टाकीची पातळी बघा, उतरली तर पाइप, नाही उतरली तर बहुतेक टाइल्सचे सांधे किंवा नहाणी ट्रॅप (बाथरूमच्या जाळीखालचा भाग). प्लंबरने 8 हजार सांगितलेत, ही तपासणी न करता तो टाइल्स फोडायला लागला तर थांबवा.

बाकीचं किरकोळ पण सोडू नका. गच्चीवरचे पाणी जायचे पाइप (बऱ्याच गळत्या तिथल्या पालापाचोळ्यानेच होतात), घरावर आलेल्या फांद्या, नारळाच्या सुकलेल्या झावळ्या, मीटरच्या पेटीवर पत्र्याची टोपी, अर्थिंग, आणि आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) असेल तर त्याचं टेस्ट बटण दाबून तो पडतो का बघा, ओल्या भिंतीच्या घरात तर नक्कीच. सगळं मिळून 7 हजार धरा.

एकूण 58 हजार. हे सेव्हिंगमधून द्या. 52 हजार उरतात, जवळपास एक महिन्याचा खर्च, जरा कमी आहे मान्य, पण दोघांच्या नोकऱ्या पक्क्या आहेत आणि महिन्याचे 12 हजार जूनपासून तिथेच टाकलेत तर ऑक्टोबरअखेर भरून निघेल. एसआयपी बंद करू नका. एफडी नोव्हेंबरमध्ये मुदतीवर येऊ दे आणि ॲडमिशनपर्यंतच्या मुदतीने परत ठेवा.

पूर्ण गच्चीचं काम फेब्रुवारी-मार्चमध्ये. तुम्हाला कोब्यासकट पूर्ण वॉटरप्रूफिंगचं 1 लाख 15 हजारांचं कोटेशन आहे, नोव्हेंबर ते मार्च तुमचे 60 हजार जमतील, उरलेल्या 55 हजारांना एफडीवरचा ओव्हरड्राफ्ट, पाच महिन्यांत फेडलात तर व्याज दोन हजारांच्या आत. त्या दिवसांत मिस्त्री पण रिकामे असतात आणि भाव करता येतो, मे महिन्यात तो तुमचा भाव करतो. तेव्हाही शेडच हवी असं दोघांना वाटलं तर जरूर घाला, पण ती सोय म्हणून, लेकीची फी बाजूला काढल्यावर, गळतीचं औषध म्हणून नाही.

कोणतंही काम द्याल तर बिल घ्या. "बिल नको असेल तर 18 टक्के वाचतील" हे तुम्हाला पण ऐकवलंय, पण बिल नसेल तर त्याच्या दहा वर्षांच्या गॅरंटीला काय चाटायचंय? गॅरंटी लेटरहेडवर, कुठल्या भागाची आणि परत येऊन फुकट करणार का हे लिहून, आणि 20 टक्के पैसे पहिले दोन मोठे पाऊस पडून गेल्यावर.

जाता जाता, घराचा इन्शुरन्स नाही असं दिसतंय. भारत गृह रक्षा नावाची एकसारखी पॉलिसी 1 एप्रिल 2021 पासून जनरल इन्शुरन्सवाल्या कंपन्या विकतात, वादळ, पूर, आग यात येतं. हळूहळू झिरपून झालेलं नुकसान त्यात येत नाही, त्यामुळे गळतीवर तो उपाय नाही, पण माणगावात राहून वादळाचं कव्हर नसणं बरं नाही. रक्कम जागेच्या बाजारभावाची नको, घर परत बांधायला लागेल तेवढी. फुटाला 2 हजार धरले तर 18 लाख. सामानाला त्याच्या 20 टक्के आपोआप मिळतं, जास्तीत जास्त 10 लाखांपर्यंत. दोन-तीन कंपन्यांचे कोट मागवा आणि जून लागायच्या आत घेऊन टाका.

आणि रविवारी कॉन्ट्रॅक्टरचा फोन आला तर सांगा, शेडचं दिवाळीनंतर बघू, जाडी, पाइपचं माप आणि पाय कुठे येणार ते लिहून नवीन कोटेशन पाठवा. "दिवाळीनंतर रेट वाढतील" असं म्हणेल, वाढू देत.